चंद्रकोरीचे लोखंड

तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिताना बहुतेक वस्तूंची नावे माझ्या लेखणीखालून गेलेली आहेत. परंतु त्या दुपारी एका तरुण बाईने मेजावर ठेवलेले अवजार मला ओळखता येईना. वीतभर लोखंडी दांडी आणि टोकाला नखाएवढी चंद्रकोर. बाईच्या कडेवर तान्हे बाळ कण्हत होते.

"काका, हे कशाचं? सासूबाईंनी माळ्यावरून काढलंय. म्हणाल्या, लोहाराकडून मूठ बसवून आण, बाळाची पोटदुखी थांबेल."

"कातड्यावर नक्षी उठवायचे असेल," असे म्हणत मी ते उचलले, आणि माझ्याच बेंबीजवळची कातडी आक्रसली. तिथे एक पांढरी चंद्रकोर आहे. आई तिला जन्मखूण म्हणे. ती खूण माझ्याबरोबर वाढली, तरी तिचे वळण या लोखंडाचेच आहे. मनाला ठाऊक नसलेले किती काही देह मुकाट्याने जपत असेल!

"बाई, हे तापवून पोटाला डाग देतात. बाळाला दवाखान्यात न्या."

तिने बाळाला छातीशी आवळले. "अहो, पण सासूबाई चूल पेटवून बसल्यात."

ती दवाखान्याच्या वाटेने धावली. लोखंड माझ्यापाशीच राहिले. सावलीत ठेवूनही ते संध्याकाळपर्यंत माझ्या हाताला ऊनच लागत होते.