खोळीखाली टाइपरायटर नव्हता

ती घटना आठवली की आजही माझ्या कानात टकटक सुरू होते आणि हसू येते. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. आमचे हुकूम नागपूरहून निघत. मी खामगावला नवाच फौजदार होतो. अंगावरची वर्दी कडक होती आणि तिच्यापेक्षा मी जास्त कडक होतो.

एका सकाळी कापसाचे एक अडते शेठजी ठाण्यात आले. सोबत त्यांच्याच कचेरीचा शिपाई होता, त्याचे मनगट शेठजींच्या मुठीत. कचेरीत दोन टाइपरायटर होते. नवा मुंबईहून आणलेला, तो पेढीची पत्रे टाइप करणाऱ्या मुन्शीजींच्या टेबलावर. जुना कोपऱ्यातल्या स्टुलावर, काळ्या खोळीखाली. जुना टाइपरायटर वडनेर भोलजीच्या एका जिनिंग कारखान्याला द्यायचे ठरले होते. त्या कारखान्याचा माणूस गाडी जुंपून आला, शेठजींनी ऐटीत खोळ उचलली, तर आत रॉकेलचा रिकामा डबा आणि त्यावर दोन जाड जुन्या वह्या. उंची अगदी बरोबर साधली होती. वडनेरचा माणूस पोट धरून हसला. शेठजींना चोरीपेक्षा ते हसणे जास्त लागले होते.

कचेरीची चावी शिपायाकडे असे, झाडलोटही तोच करी. म्हणून चोर तोच, असा शेठजींचा हिशोब. मी फिर्याद नोंदवली, जागेवर जाऊन पंचनामा केला. डब्याचा पंचनामा लिहिताना आमच्या जमादाराच्या मिशा थरथरत होत्या, पण त्याने हसू बाहेर पडू दिले नाही.

शिपाई पन्नाशीचा होता. मी दरडावून विचारले की रोज झाडताना खोळीखाली काय आहे हे दिसले कसे नाही. खोळ झटकायची, उचलायची नाही, असा शेठजींचा हुकूम आहे, असे तो म्हणाला. पुन्हा पुन्हा विचारले, उत्तर तेच. तासभर गेला. शेवटी जमादार माझ्या कानाशी लागून म्हणाला की साहेब, गुन्ह्याचे विचारू नका, रोजच्या दिवसाचे विचारा. मी तसे केले. शिपाई जरा मोकळा झाला. दार केव्हा उघडतो, पाणी केव्हा भरतो, कोण केव्हा येतो, सगळे सांगू लागला आणि बोलता बोलता म्हणाला, "दिवसभर मी दाराशी बसतो साहेब. नवं मशीन काही जास्त वाजत नाही. पन सकाळी दहाले शेठच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा तयार असते. मले वाटलं, नव्या मशीनले आवाजच नसन."

मी लेखणी खाली ठेवली. पत्रे रोज तयार होतात आणि यंत्र वाजत नाही, मग ती होतात कुठे?

तेव्हा मला आठ दिवसांपूर्वीची एक खबर आठवली. पिंपळगाव राजाचे पोलीस पाटील मोठ्या गंभीरपणे सांगून गेले होते की गावातल्या एका घरात रोज सकाळी उजाडता उजाडता तारेचे यंत्र चालते आणि गाव भेऊन राह्यले आहे. रोजनाम्यात नोंद करून मी ती खबर हसण्यावारी नेली होती. आता जमादाराला विचारले की शेठजींचे मुन्शीजी राहतात कुठे. तो म्हणाला, पिंपळगाव राजाला; रोज पहिल्या सर्व्हिस मोटारीने येतात.

मी तडक कचेरीत गेलो. मुन्शीजी पांढऱ्या दाढीचे, शांत गृहस्थ. सगळी उमर त्याच पेढीत गेलेली. मी त्यांना नव्या यंत्रापुढे बसवले आणि विनंती केली की आपली जबानी आपणच टाइप करून द्यावी. शेठजी दारात उभे होते. मुन्शीजींनी कागद चढवला, फीत सारखी केली. चार अक्षरे उमटली. पाचव्याला उजव्या हाताची बोटे आखडली ती उघडेचनात. त्यांनी तो हात उचलून मांडीवर ठेवला, एखादी जड वस्तू ठेवावी तसा.

"या हातानं आता होत नाही साहेब," ते म्हणाले. "मशीन मीच नेलं. सकाळपासून सांगावं म्हणतो, जीभ उचलत नव्हती. त्या गरिबाले सोडा."

हात कामातून गेल्याला वर्ष होत आले होते. नोकरी जाईल या भीतीने त्यांनी एका रविवारी उरलेल्या कामाच्या निमित्ताने शिपायाकडून चावी घेऊन जुने यंत्र पोत्यात घालून मोटारीने घरी नेले आणि मुलीला शिकवले. मुलगी विशीची, खामगावला मावशीकडे राहून इंग्रजी शाळा शिकलेली. संध्याकाळी ते मसुदे घरी नेत, सकाळच्या नमाजानंतर ती बसे आणि मोटार निघण्याआधी पत्रे तयार होत.

शेठजींनी आपली मोटार काढायला सांगितली. मी शिपायाला ठाण्यातून बोलावून पुढे बसवले आणि आम्ही पिंपळगावला गेलो.

ओसरीवर एका बसक्या चौरंगावर यंत्र होते, वर जुन्या कापडाची शिवलेली खोळ. वर्दी पाहताच मुलीला वाटले वडिलांना पकडले. ती यंत्रापुढे आडवी उभी राहिली.

"मशीन घेऊन जा," ती म्हणाली. "रोज तेल देते मी त्याले, काही बिघडलं नाही. पन अब्बाले काही करू नका."

शेठजींनी खिशातून त्या दिवशीचा मसुदा काढून तिच्यापुढे धरला. तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. ती बसली आणि मग तो आवाज सुरू झाला. ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तसा. ओळ संपली की घंटी वाजे, डाव्या हाताने ती दांडी सरकवी आणि पुन्हा लाह्या. अर्धा गाव दारात जमला होता. पोलीस पाटील सगळ्यांच्या पुढे येऊन वाकून चौरंगाखाली पाहत होते. हळूच मला म्हणाले, "पन साहेब, तार कुठून जाते?"

शेठजींनी पत्र वाचले, मसुदा वाचला, पुन्हा पत्र वाचले. "मी एक शब्द चुकलो होतो," ते म्हणाले. "हिनं सुधरवून देल्ला." बाकीच्या अडत्यांपुढे आपल्या पेढीच्या स्वच्छ पत्रांची बढाई ते वर्षभर मारत होते. आता ते आठवून त्यांना जे हसू फुटले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबेना. मग मुन्शीजी हसले, मग ओसरी हसली.

विचारल्याशिवाय यंत्र नेले ही चूक मुन्शीजींनी लेखी कबूल केली. शेठजींनी फिर्याद गैरसमजुतीची होती असे लिहून दिले आणि प्रकरण दप्तरी दाखल झाले. जुने यंत्र मुलीकडेच राहिले; वडनेरवाल्यांना दुसरे शोधावे लागले. दुसऱ्या दिवशी शेठजींनी सगळ्या कचेरीसमोर शिपायाची माफी मागितली. तो नुसता म्हणाला, "मले कोणी विचारलंच नव्हतं शेठ, नाही तर पहिलेच सांगतलं असतं."

पुढे त्या मुलीने खामगावच्या कोर्टाजवळ एक खोली घेतली. वकील, अडते, जिनवाले तिच्याकडून पत्रे, अर्ज, करारनामे करून नेऊ लागले. मुन्शीजी शेजारी बसून मसुदे वाचून दाखवत आणि गिऱ्हाइकांच्या इंग्रजीला नावे ठेवत. माझी बदली झाली तेव्हा त्या खोलीत तीन यंत्रे आणि शिकायला आलेल्या दोन मुली होत्या, आणि बाहेरच्या ओट्यावर बोलायचे तर मोठ्याने बोलावे लागे.

पुढच्या नोकरीत मी खरे चोर पुष्कळ पकडले. त्या प्रकरणाने मात्र मला शिकवले की खाली मान घालून गप्प बसलेला प्रत्येक माणूस गुन्हाच लपवत असतो असे नाही. पुष्कळदा तो आपले दुखणे लपवत असतो. गुन्हा दरडावून बाहेर काढता येतो. दुखण्यासाठी शेजारी बसावे लागते, आणि तेवढा वेळ पोलिसाजवळ असलाच पाहिजे.