कडब्यातला कॅमेरा

आमच्या ह्यांचा कॅमेरा जुना, कुणाचा तरी वापरून सोडलेला. दूरचं जवळ दाखवणारी लांब नळी त्याला नव्हती. पाखराचा फोटो काढायचा तर त्याच्या अगदी दारात जावं लागे, आणि माणूस दिसला की पाखरू भुर्र! पण नाचणगावच्या शिवारात मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं, पाखरं माणसाला भितात, बैलबंडीला नाही. हे मी एकदा बोलून गेले आणि फसले. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी बंडी हाकणारी मी, आणि शाळेत पोरांना चळचळा कापायला लावणारे आमचे मास्तर मागे कडब्यात दडलेले.

रस्त्यात बाया विचारत, "काऊन वो, मास्तरले बाजारात इकाले नेऊन राह्यली का?"

"घेता का? देऊन टाकीन," मी म्हणायची.

थट्टा खरी, पण त्या माणसाची चिकाटी पाहून मी थक्क व्हायची. चहाला जरा उशीर झाला तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस, कडब्यात मुंग्या चढल्या तरी हूं की चूं करत नसे. पाखरू कधी उडणार हे त्यांना आधीच कळे. मला तर तेव्हा ते फार देखणे वाटत, कडबा केसांत अडकलेला असूनही.

त्या साली सासूबाईंचे गुडघे पार गेले. दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं, म्हणून आपट्याचं सोनं वाटण्याआधी गावाबाहेर जाऊन त्याला हात जोडायचा त्यांचा नेम. एकही दसरा चुकला नव्हता. पिंजऱ्यातला नीलकंठ दारोदार दाखवणारे यायचे, पण सासूबाई दार लावून घ्यायच्या. "कैद्याच्या पाया पडून मले काय भेटन?" आता अंगणापर्यंतही जाणं होईना. नेम चुकला की आपलं काही खरं नाही, हे त्यांच्या मनानं घेतलं, आणि जेवण तुटलं. तेव्हा ह्यांनी शब्द दिला, "माय, तुयासाठी नीलकंठ घरी आणतो. फोटोत."

बसलेला नीलकंठ अगदी मातकट दिसतो. निळाई सगळी पंखांत. तो उडतानाच टिपायला हवा. किती रविवार फुकट गेले! शेवटी एकदा तारेवरून तो कपाशीच्या पऱ्हाटीत झेपावला, पंख पुरते उघडले, आणि कडब्यातून खट् असा आवाज आला. मास्तर आनंदानं असे उठले की बैल बुजले.

फोटो आला दसऱ्याच्या सकाळी. पीस न् पीस लख्ख. सासूबाईंनी तो उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. "बापू, हा तं करडा होला होय. नीलकंठ कुठी हाय?"

कपाळ आमचं! रोल काळा-पांढरा. इतके दिवस आम्ही निळ्या रंगामागे धावलो, आणि तो रंग फोटोत उतरायचाच नाही हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. ह्यांचा चेहरा पाहून मला रडूच आलं.

"ठेवा तो फोटो," मी म्हटलं. "बंडी जुंपते."

ह्यांनी आईला उचलून कडब्यात आपल्या जागी बसवलं. सवयीनं कॅमेरा गळ्यात होताच. तारेखाली बंडी उभी केली. नीलकंठ बसलेलाच होता. बैलांकडे त्यानं पाहिलं न पाहिलं, आणि आमच्या डोक्यावरून उडाला, सगळी निळाई उघडून! "आला वो माय, आला!" सासूबाई ओरडल्या. हात जोडलेले, तोंड उघडं. मागे खट् वाजलं.

तो फोटो धुऊन आला तर पाखराचा पत्ताच नाही. कडबा, बैलाचं एक शिंग, आणि वर पाहणाऱ्या सासूबाई. त्या चिडल्या, "पाखरू सोडून माया थोबाडाचा कायले काढला? रोल वाया घालवला ना!"

त्यांचा तेवढा एकच फोटो. पुढच्या दसऱ्याला आपट्याचं सोनं आम्ही त्याच्यापुढे ठेवलं. ह्यांची बाकी सगळी पाखरं पेटीत आहेत, भिंतीवर एवढा हाच. सोनं द्यायला आलेलं कुणीतरी दर साली विचारतं, "फोटोतल्या आजी वर काय पाहून राह्यल्या?"

"नीलकंठ," हे सांगतात. "आत्ताच उडाला."

आणि विचारणारा हटकून वर पाहतो.