फ्रीझर अंकल

शारजात भर जून महिन्यात मिशीवर बर्फ घेऊन वावरणारा एकच माणूस आमच्या माहितीत होता. अण्णा मासळीच्या शीतगृहात सुपरवायझर होते. आत उणे वीस, बाहेर पंचेचाळीसच्या पुढे. दोन्हींच्या मध्ये एक अरुंद बोळ होता. कामावरून सुटल्यावर अण्णा तिथे भिंतीला टेकून उभे राहत आणि मिशी विरघळली की मगच बाहेरचे दार उघडत. "शरीराला आधी सांगावं लागतं, बाबा रे, आता उन्हात जायचंय," असे ते म्हणत. एकदा त्यांना घ्यायला गेलो असताना आमच्या मुलांनी ते दृश्य पाहिले. त्या दिवसापासून अण्णा फ्रीझर अंकल झाले.

त्यांची ओळख बातमीच्या निमित्ताने झाली. मला वर्तमानपत्रात मासळीच्या आयातीवर लिहायचे होते आणि कंपनीचे मॅनेजर भेटत नव्हते. माहिती अण्णांनी दिली आणि शेवटी म्हणाले, "माझं नाव घालू नका. घरी कळलं की मी एवढ्या थंडीत काम करतो, तर आई जेवायची नाही." घर कराडजवळच्या एका गावात होते. तिथे आई, पत्नी आणि एक मुलगी. अण्णा इकडे शारजाशेजारच्या अजमानला, आठ जणांच्या खोलीत एका कॉटवर. पुढे कंपनी हमरियाच्या फ्री झोनमध्ये, म्हणजे करमुक्त वसाहतीत गेली, अण्णांची कॉट अजमानलाच राहिली.

शुक्रवारी ते शेअर टॅक्सीने अल मजाजला आमच्याकडे जेवायला येत. आल्यावर पहिले काम, एसी बंद करणे. "अंकल, इट्स सो हॉट!" मुले ओरडत. अण्णा म्हणत, "बेटा, आठवडाभर मी थंडीला पाहुणा जातो, एक दिवस मला उन्हाचा पाहुणचार घेऊ द्या की." मग गॅलरीत खुर्ची टाकून खालिद लगूनच्या पाण्याकडे तोंड करून बसत. घामाने शर्ट भिजे आणि चेहऱ्यावर समाधान येई. मुलांनी एकदा विचारले, बर्फ पडताना कसा दिसतो? अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितले की त्यांनी पाहिलेला नाही. "आमच्याकडे बर्फ पडत नाही. साठतो."

गोदामातली जाड, निळी जॅकेट्स त्यांच्या ताब्यात असत. हिवाळ्यात कोणी ओळखीचे युरोपला निघाले की अण्णांकडे येत. साहेबांची परवानगी काढून ते जॅकेट्स देत, देताना चेन वरपर्यंत ओढून दाखवत आणि मान झाकायला सांगत. "थंडी समोरून येत नाही, मागून येते." परत आलेले प्रत्येक जॅकेट ते उलटसुलट करून पाहत. गोदामाचा माल गोदामात, हे त्यांचे नेहमीचे वाक्य. पंधरा वर्षांत एकही जॅकेट हरवलेले नाही, हे ते आपणहून सांगत. स्वतःबद्दल आपणहून सांगितलेली बहुधा ही एकच गोष्ट.

पत्नीबद्दल ते कमी बोलत. त्यांचा पगार फॅमिली व्हिसाच्या अटीत बसत नव्हता. दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळे, तेवढाच संसार. केटरिंगचा धंदा करणारे देसाई त्यांना चिडवत, "अण्णा, लग्नाला वीस वर्षं झाली म्हणता. हिशेब केला तर तुमचं अजून नवं लग्न आहे." अण्णा हसत. एकदा मात्र म्हणाले, "ती स्वयंपाक करतेय आणि मी कामावरून घरी आलोय, असं अजून एकदाही झालेलं नाही. सुट्टीत माणूस घरीच असतो ना."

नव्वदचे दशक संपत आले होते. देसाईंनी डिसेंबरच्या सुट्टीत तीन कुटुंबांची स्वित्झर्लंडची सहल ठरवली. त्यात एक दिवस डोंगरातल्या गावांमधून जाणाऱ्या आगगाडीचा होता. अण्णांनी जॅकेट्स द्यायचे कबूल केले आणि मग, खाली बघत, आम्हा दोघांना, मला आणि हिला, जागा आहे का असे विचारले. देसाईंना वाटले थट्टा आहे. "अण्णा, तुम्ही तिथे जाऊन काय बघणार? तुमचं ऑफिसच ते!"

"ऑफिसला खिडकी नाही हो," अण्णा म्हणाले.

बेत त्यांनी वर्षभर मनात जुळवला होता. गेली सुट्टी न घेता साठवली होती. वहिनींचा स्वित्झर्लंडचा व्हिसा मुंबईतून निघाला. शारजाचा व्हिजिट व्हिसा कंपनीच्या पीआरओने, म्हणजे सरकारी कागदांची कामे करणाऱ्या माणसाने, काढून दिला. सहल आठवड्याची, त्यानंतर व्हिसाची मुदत संपेपर्यंत, जवळजवळ दोन महिने, वहिनी अजमानला राहणार होत्या. त्यासाठी अण्णांनी कॉट सोडून एक स्वतंत्र खोली भाड्याने घेतली. गॅसची शेगडी आणली, नवा कुकर आणला. सहल निघण्याच्या आदल्या दिवशी वहिनी आल्या. त्या रात्रीचे जेवण आमच्याकडे झाले. कुकर खोक्यातच राहिला.

दुबई विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या काउंटरवर सगळे पुढे गेले आणि वहिनी थांबल्या. तरुण अधिकाऱ्याने त्यांचा व्हिसाचा कागद बाजूला काढला आणि अदबीने, मोडक्या हिंदीत सांगितले, "मम्मा, विजिट वीजा वन टाइम. बाहर गया, खलास. वापस आना है तो नया वीजा."

हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. आम्ही सगळे वर्षानुवर्षे रेसिडेन्स व्हिसावर होतो. पासपोर्टला चिकटवलेल्या त्या पानावर कितीही वेळा बाहेर जावे आणि परत यावे. व्हिसा आणखी कशा प्रकारचा असतो, याचा विचार करायची सवयच राहिली नव्हती. वहिनी बाहेर पडल्या की अजमानच्या खोलीत परत येऊ शकणार नव्हत्या.

अण्णा म्हणाले, "आपण जाऊ नये. खोली आहे."

वहिनींनी विचारले, "नवा व्हिसा निघतो का?"

पीआरओला फोन लावला. तो म्हणाला, नो प्रॉब्लेम, एक महिना, इन्शाल्ला. अण्णांनी ते मोठ्याने सांगितले, पण त्यांचा विश्वास बसलेला दिसत नव्हता. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "महिनाच ना? मी वीस वर्षं थांबले. तुम्ही जिथं उभे राहता ती थंडी मला एकदा बघायची आहे. चला."

अधिकाऱ्याने कागद ठेवून घेतला आणि शिक्का मारला. "यल्ला, चलो," तो हसून म्हणाला.

आगगाडी तांबडी होती आणि लहान. डब्यात सीटखाली ऊब सोडलेली, खिडक्या मोठ्या. वहिनी नऊवारी, लोकरीचे मोजे आणि वर गोदामाचे निळे जॅकेट अशा बसल्या होत्या. अण्णा समोर. बाहेर एकामागून एक गावे येत. लाकडी घरे, छपरावर हातभर बर्फ, एक चर्च, बर्फात अर्धे बुडालेले कुंपण, आणि लगेच बोगदा. बोगद्यात सगळे गप्प होत आणि उजेड आला की मुले ओरडत. अण्णा दर वेळी काच बाहीने पुसत. काच फक्त वहिनींच्या बाजूची पुसत.

वहिनींनी डबा उघडला. तिखटामिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. मुलांनी सँडविच टाकून त्यावर हात मारला. एका गावात घराखालच्या दारातून गाईचे तोंड दिसले. वहिनी पुढे वाकल्या. "गोठा खाली, माणसं वर. गुरांची ऊब वर जात असणार. शहाणी आहेत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "एवढ्या थंडीत लोक घरं करून राहतात. अजमानला काय अवघड आहे?"

"कुकर नवा आहे," अण्णा म्हणाले. "शिट्टी नीट बसते का ते बघायचं राहिलं."

"मी आले की बघू."

एका लहान स्टेशनवर समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची गाडी थांबली. तेवढ्यात बर्फ पडायला लागला. आवाज काही नव्हता. मुलांच्याही आधी अण्णांना दिसला. ते उठले, वहिनीही उठल्या, आणि दोघे फलाटावर उतरले. देसाई ओरडले, "अहो अण्णा, गाडी सुटेल!" अण्णांनी उजव्या हाताचा हातमोजा काढला. गोदामात उघड्या हाताने कशाला शिवायचे नाही, हा नियम त्यांनी शेकडो हमालांना शिकवला होता. त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर पडणाऱ्या बर्फाकडे बघत राहिले.

"हलका आहे," ते म्हणाले. "एवढा हलका असेल असं वाटलं नव्हतं."

वहिनींनी आपला हात त्यांच्या हाताशेजारी धरला. समोरची गाडी येऊन गेली. दोघे आत आले तेव्हा अण्णांच्या मिशीवर बर्फ होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या, "फ्रीझर अंकल!" वहिनींनी पदराच्या टोकाने तो पुसला. आमच्यासमोर त्यांनी अण्णांना हात लावल्याची ती पहिलीच वेळ.

वहिनींचे तिकीट बदलून थेट मुंबईचे केले होते. परतीच्या दिवशी त्यांचे विमान आमच्या आधी होते. अण्णांनी सगळ्यांची जॅकेट्स गोळा करून सुतळीने बांधली. वहिनी आपले काढायला लागल्या. अण्णांनी चेन परत वरपर्यंत ओढली. "असू दे. विमानात गार असतं. मान झाक."

"कंपनीचं आहे ना?"

"असू दे म्हटलं ना."

शारजात परतल्यावर गठ्ठा माझ्या गाडीतून गोदामात नेला. केरळी स्टोअरकीपरने मोजले आणि म्हणाला, "अण्णा, एक कम है." अण्णा सरळ म्हणाले, "ट्रेन में रह गया. मेरी पगार से काट लो." स्टोअरकीपर हसला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा, म्हणाला. अण्णा हसले नाहीत.

रमजान सुरू झाला होता, कचेऱ्यांच्या वेळा कमी झाल्या होत्या. व्हिसा महिन्यात निघाला नाही. निघाला तेव्हा अण्णांच्या आईने अंथरूण धरले होते आणि वहिनींना गाव सोडता येईना. तो व्हिसा न वापरताच संपला. दुसरा अर्ज झाला. अण्णांनी खोली सोडली नाही. देसाई एकदा म्हणाले, एकटा माणूस, कॉट घ्या पुन्हा. अण्णांनी सांगितले, "ती आली आणि खोली नसली तर?"

जूनमधल्या एका शुक्रवारी ते जेवायला आले नाहीत. आम्ही वाट पाहून ताटे घेतली आणि संध्याकाळी देसाई अजमानला गेले. दार शेजाऱ्याच्या मदतीने उघडावे लागले. डॉक्टरांनी हृदय म्हटले. अण्णा आदल्या दिवशीच्या कामाच्या कपड्यांत होते. शेगडीवर एकट्याच्या चहाचे भांडे होते आणि कुकर खोक्यात.

देह मुंबईला पाठवायचा तर आधी व्हिसा रद्द करावा लागतो. पीआरओने ते काम त्वरेने केले. अण्णांच्या पासपोर्टवर शिक्का बसला. कागद पुरे होईपर्यंतचे दिवस अण्णा रुग्णालयाच्या शीतगृहात होते.

पुढच्या सुट्टीत त्यांच्या गावी गेलो. दुपारची वेळ, ऊन चांगलेच होते. वहिनींनी पाणी दिले, चहा ठेवला, मुलीच्या परीक्षेचे सांगितले. सहलीचा विषय त्यांनी काढला नाही. मग त्या आत गेल्या आणि निळे जॅकेट घेऊन आल्या. नीट घडी घातलेले, चेन वरपर्यंत ओढलेली.

"एवढं कंपनीला पोचवा. द्यायचं राहून गेलं. ते म्हणायचे, गोदामाचा माल गोदामात. त्यांच्या नावावर नको राहायला."

"वहिनी, ते हरवलंय," मी म्हणालो. "अण्णांनी तसं सांगितलं होतं. आगगाडीत राहिलं म्हणून."

"हरवलं म्हणाले?"

"पगारातून कापून घ्या म्हणाले."

"त्यांनी कधी काही हरवलं नाही," त्या म्हणाल्या.

मग जॅकेट उराशी धरून त्या उंबऱ्यावर बसल्या. चुलीवरचा चहा उतू गेला, तो मुलीने उतरवला. मी गेटापाशी पोहोचून मागे पाहिले तेव्हा वहिनींनी ते अंगात घातले होते, त्या उन्हात, आणि मान झाकून घेतली होती.