किम-लुआन आणि नसलेला वारा

सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात किम-लुआन स्कूटरवर जेव्हा जेव्हा बसली, ती मागच्या सीटवर. पुढे नवरा आ-फू, त्याच्या पायाशी विकायच्या कालवांचा, बर्फ घातलेला डबा, मागे ही. शियू बेटावरून मागोंग शहराच्या बाजारात जायचं तर समुद्रावरचा लांबलचक पूल ओलांडावा लागतो, आणि हिवाळ्यात पेंगहूच्या बेटांवरचा वारा सुटला की त्या पुलावर माणूस स्कूटर चालवत नाही, वाऱ्याशी वाटाघाटी करतो. आ-फू त्यात वाकबगार होता. डावा खांदा वाऱ्याला लावून तो असा जाई, की जणू भिंतीला रेलून निघालाय. मागे किम-लुआन तेवढीच तिरपी. लग्न झाल्यापासून दोघं एकाच बाजूला झुकत आली होती. एवढं एकमत दुसऱ्या कुठल्या बाबतीत झाल्याचं गावात कोणाला आठवत नाही.

मग आ-फूच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. आ-फूने डॉक्टर बंद केले. तिथे रहदारी रस्त्याच्या उजव्या कडेने चालते, आणि डावीकडून पुढे जाणारी वाहनं आता त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा निर्धास्त चालवू लागला. एका सकाळी पुलावर एक ट्रक इतक्या जवळून गेला, की किम-लुआनच्या बाहीला त्याचा चिखल लागला. आ-फू म्हणाला, "आज रस्ता मोकळा आहे."

बाजारात पोचल्यावर तिने बाही पुसली आणि जाहीर केलं, "परवाना मी काढते. पास झाले की किल्ली माझी."

"आणि नापास झालीस तर?"

"तर तुझ्या मागे बसून मरेन. ते आहेच."

आ-फू हसला. "काढ बाई, काढ. तोवर मीच नेतो, म्हातारे." हा 'तोवर' मरेपर्यंत पुरेल, असा त्याचा हिशेब होता. कोणाच्या मरेपर्यंत, याचा विचार त्याने केला नव्हता.

शिकवायला धाकटी जाऊ सिओक-खिम पुढे आली. देवळापुढचं पटांगण मासळी वाळत नसेल तेव्हा मोकळं असायचं. किम-लुआनने स्कूटरवाल्यांच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे वाऱ्यासाठी जाकीट उलटं घातलं, म्हणजे छाती झाकलेली आणि चेन पाठीवर, आणि गाडीवर बसून दोन्ही ब्रेक आवळले.

"वहिनी, ब्रेक आहे तो, कोंबडीची मान नाही. हळू दाबा."

"सुटली तर?"

"अजून सुरूच केली नाहीये."

दुसऱ्या दिवशी सिओक-खिम म्हणाली, "चाकाकडे काय बघता? ते कुठे पळून जात नाही. लांब बघा. जिथे बघाल तिथे गाडी जाईल." किम-लुआनने देवळाच्या खांबाकडे बघितलं, आणि सिओक-खिमचं म्हणणं खरं ठरलं. खांबाला काही झालं नाही. हेल्मेटलाही झालं नाही, कारण ते डोक्यावर होतं. शेजारणीचं सिग्नलपुरतं डोक्यावर आणि एरवी हँडलवर लटकलेलं असतं, तसं नव्हतं.

परवाना कचेरीत नवशिक्यांना सक्तीचं व्याख्यान असतं. त्यात एक चित्रफीत दाखवतात: ट्रक वळतो, पुढचं चाक सुखरूप निघून जातं आणि मागचं चाक आतल्या बाजूने शेजारच्या स्कूटरला गाठतं. ड्रायव्हरला ती स्कूटर दिसलेलीच नसते. सभागृहातली कॉलेजची पोरं फोनमध्ये डोकं घालून बसली होती. किम-लुआन मात्र मालिकेचा शेवटचा भाग असावा तशी बघत होती. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, असं व्याख्याता म्हणाला. तिने मनाशी सोपं करून घेतलं: वळणारा प्रत्येक ट्रक आ-फू चालवतोय.

लेखी परीक्षा पार पडली. प्रत्यक्ष परीक्षेतली पहिलीच गोष्ट एक अरुंद पट्टी. तिच्यावरून मुंगीच्या गतीने सरळ जायचं, पाय टेकायचा नाही, कडेच्या रेघेला चाक लागलं की घंटा वाजते. किम-लुआन झकास निघाली. अर्ध्या पट्टीपर्यंत खारा वारा डावीकडून लोटत होता, आणि ती बेटावरच्या कोणत्याही शहाण्या माणसासारखी त्याला रेलली होती. पुढे कचेरीची उंच भिंत सुरू झाली. वारा बंद. किम-लुआन रेललेलीच. घंटा वाजली.

परीक्षक तरुण होता. "मावशी, तुम्ही रेललात कशाला?"

"वाऱ्याला."

"तो भिंतीपलीकडे राहिला."

"हे आधी सांगायला नको?"

"बाहेरून बदली होऊन आलेले लोक इथून सरळ जातात, मावशी. वाकतात ते आपलेच."

त्या संध्याकाळी आ-फूने स्वतः भात लावला, यावरून त्याचा आनंद समजावा. "म्हातारे, मागची सीट काय वाईट आहे? गार वारा लागत नाही," असं म्हणून त्याने तिला मासळीचा मोठा तुकडा वाढला. तिने तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन पुलावर गेला आणि डावीकडच्या एका टॅक्सीने त्याला हॉर्न वाजवून वाजवून जागा मागितली. त्याने विचारलं, "कोण ओरडतंय?"

गावामागे भाज्यांचे वाफे आहेत. वाऱ्यापासून कोबी वाचावा म्हणून प्रवाळाच्या दगडांच्या कमरेएवढ्या भिंती रचलेल्या, आणि मधल्या वाटेवर जागोजागी आत जायची खिंडारं. किम-लुआन तिथे स्कूटर घेऊन गेली आणि खाली वाकून, भिंतीच्या उंचीत डोकं ठेवून, त्या वाटेवरून हळूहळू फिरू लागली. भिंतीआड शांत. खिंडारापाशी वाऱ्याची थप्पड. पुन्हा शांत. आधी ती खिंडार यायच्या आतच झुकायची आणि भिंतीला घासायची. एकदा खिंडारातून थेट आत गेली. तिचे गुडघे जाड पँटमुळे वाचले, कोबीचे चार गड्डे वाचले नाहीत.

"वहिनी, काय करताय हे?" सिओक-खिमने कपाळाला हात लावला.

"नसलेला वारा सोडायला शिकतेय."

हळूहळू कोपर सैल झाले. वारा आला की त्याचं बघायचं, येण्याआधी त्याच्यासाठी वाकायचं नाही, एवढंच ते होतं. पण जन्मभराच्या सवयीच्या विरुद्ध होतं.

परीक्षेच्या दुसऱ्या खेपेला ती पट्टीवरून इतकी संथ गेली की मागचा उमेदवार जांभई देऊन मोकळा झाला. भिंत आली, वारा गेला, किम-लुआन सरळ राहिली. घंटा गप्प. पुढे रेल्वेच्या फाटकाची आखणी होती. पेंगहूच्या एकाही बेटावर रेल्वे नाही, रूळ नाहीत, पण नियम म्हणजे नियम. ती थांबली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, गाडी येत नसल्याची खात्री केली आणि मानाने फाटक ओलांडलं.

"मावशी, पास. उतरा आता."

"सिग्नल लाल आहे," ती म्हणाली, आणि हिरवा झाल्यावर उतरली.

आ-फूने किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेला. सकाळी तो मागे बसला. बायकोला धरलेलं गावाने बघू नये म्हणून त्याने मागची दांडी पकडली होती.

पुलावर वारा भरात होता. दोघं नेहमीसारखी डावीकडे तिरपी. मध्यावर आरशात पर्यटकांची बस दिसली. किम-लुआनने वेग कमी केला, कठड्यापासूनही नीट अंतर राखलं आणि बसला पुढे जाऊ दिलं. बस डाव्या बाजूला शेजारी आली, वारा तुटला, ती सरळ झाली. आ-फूला बस दिसलीच नव्हती. तो तिरपाच राहिला आणि गाडी बसकडे ओढली जाऊ लागली.

"सरळ बस."

"अगं, वारा..."

"वारा बसच्या पलीकडे आहे. येईल. आला की सांगते. सरळ बस म्हाताऱ्या."

तो सरळ बसला. बस गेली. "आता," ती म्हणाली, आणि थप्पड आली तेव्हा दोघं बरोबर तिच्यात झुकली. गाडीने रेघ सोडली नाही. आ-फूचे दोन्ही हात कधीचे तिच्या कमरेभोवती होते.

बाजारात तराजूवाली बाई हात कमरेवर ठेवून उभी होती. "काय आ-फूदादा, आज मागे?"

"डोळ्यांना आराम देतोय."

"रस्त्यालाही मिळाला," किम-लुआन म्हणाली. आजूबाजूच्या कोळणी हसल्या, आणि मग आ-फूही हसला, कारण हसणाऱ्यांत नसलं की माणूस उठून दिसतो.

कालवं खपली. डबा धुऊन झाला. आ-फू स्कूटरपाशी जाऊन मागच्या बाजूला उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, "उद्या किती वाजता निघायचं?"

लग्न झाल्यापासून हा प्रश्न घरात कधी निघाला नव्हता. तो हॉर्न वाजवी आणि ती धावत येई. तिने हेल्मेटचा पट्टा लावला, त्याचाही लागलाय का ते बोट घालून बघितलं.

"वारा बघून सांगते," ती म्हणाली.