मगदूम आप्पांचा पांढरा रंग

मगदूम आप्पा फोटो बघायच्या आधी त्याचा कोपरा नखानं खरवडायचे. गुळाच्या व्यापाऱ्याची सवय ती. मार्केट यार्डात सौद्याला गुळाचा रवा, म्हणजे ती मोठी ढेप, समोर आला की ते आधी नख मारत, कण जिभेवर ठेवत आणि मग शेतकऱ्याच्या तोंडावर काय ते सांगून मोकळे होत. आमच्या कॅमेरा क्लबात ते फोटो जिभेवर ठेवत नसत, एवढाच फरक. बोट लागू नये म्हणून कडेनं धरून आणलेल्या फोटोवर चर्र आवाज झाला, की ज्याचा फोटो तो खिडकीबाहेर बघायला लागायचा.

मला त्यांची भीती वाटायची. खरं सांगायचं तर दोन वर्षं मी त्यांचा मनापासून द्वेष केला. आता ते नाहीत म्हणून लिहायला बसलो आहे, तरी कुठे काही चुकलं तर मागून नख वाजेल असं वाटतंच.

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला. आठवीत शाळा सोडली. गावातला एक माणूस इथे फाउंड्रीत होता, त्याच्या भरवशावर बायको आणि लहान मुलगी घेऊन आलो आणि मंगळवार पेठेत एका खोलीत राहिलो. पोवार मालकांच्या कलर लॅबमध्ये काम मागायला गेलो तेव्हा त्यांनी शाळेचा दाखला मागितला नाही. लाल दोऱ्याची पंधरा-वीस रिळं समोर टाकली आणि म्हणाले, फिक्यापासून गडदापर्यंत लाव. मी लावली. दुसऱ्या दिवसापासून मी फोटो छापायच्या मशीनवर बसलो. प्रत्येक निगेटिव्ह बघून पिवळा किती, लाल किती, निळा किती हे बटणांनी ठरवायचं, हे माझं काम. त्या रिळांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही, आणि ते काम जाईल ही धास्तीही माझी कधी गेली नाही.

क्लबातले सगळे आमच्याच लॅबमध्ये फोटो छापायचे. म्हणून मालकांनी मलाही सभासद करून घेतलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही जमायचो. फळ्याखालच्या पट्टीवर फोटो मांडायचे, नाव सांगायचं नाही, आणि चर्चा चालू असताना ज्याचा फोटो त्यानं तोंड उघडायचं नाही. वकील होते, कॉलेजचे प्राध्यापक होते, दातांचे एक डॉक्टर होते. बोलायचे मात्र आप्पाच. ठेंगणे, रुंद, डोक्यावर टोपी, करवतकाठी धोतर, आणि सीमेकडच्या माणसाचा तो ठोसे मारल्यासारखा आवाज.

त्यांचा नियम एकच होता. "चूक काढायची तर तीन गोष्टी सांगायच्या. कुठं, किती, काय करू. न्हायतर गप बसायचं."

एकदा वकिलांनी घाटावरच्या बाईचा फोटो लावला. आप्पांनी नख मारलं. "ह्या बाईच्या डोक्यातनं खांब उगवलाय. कुठं? अंबाड्यात. किती? ईतभर. काय करू? दोन पावलं डावीकडं सरकायचं. खांब सरकत न्हाय वकीलसाहेब, तुमी सरका." दातांचे डॉक्टर एका फोटोला "एकूण परिणाम छान" म्हणाले, तर आप्पा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "छान म्हंजे काय? सासुरवाडीला जेवाय आलाय व्हय?" डॉक्टर पुढचे दोन महिने आले नाहीत.

माझा पहिला फोटो बायकोचा होता. जिन्यावर बसून ती मुलीची वेणी घालत होती. मला वाटलं होतं, हा फोटो बघून तरी आप्पा मऊ होतील. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बादलीचा फोटो झकास आलाय. मागं बायामाणसं बसल्यात ती तेवढी उठवा." सगळे हसले. घरी जाऊन मी तो फोटो फाडायला काढला आणि हात थांबला. कोपऱ्यात लालभडक बादली होती. नजर आधी तिच्यावरच जात होती. मी आप्पांना शिवी दिली आणि फोटो ठेवून दिला. माणूस वाईट आणि वर बरोबर, हे सोसणं फार अवघड असतं.

दुसऱ्या वर्षी पिवळ्याचं सुरू झालं.

एका रविवारी आप्पांनी ओळीनं सगळ्या फोटोंना नख मारलं आणि म्हणाले, "ह्यास्नी कावीळ झालीया." पुढच्या महिन्यात म्हणाले, गुळाला हायड्रोसची पावडर मारून पिवळाधमक करतात तसं हे काम आहे. मग कुणाचाही फोटो असो, रंग पिवळा, आणि पिवळा म्हणजे मशीनवरचा माणूस. इतकी वर्षं आप्पांच्या नखाखाली दबलेल्या लोकांना आयता मी सापडलो. वकील म्हणाले, "भंडाऱ्याचाच माणूस, तो भंडारा उधळणारच." माझ्या तोंडातला 'हो जी' पूर्वी कुणी मनावर घेत नसे, आता त्याची नक्कल व्हायला लागली. आप्पा मला नावानं कधी हाक मारत नसत. "पावणं, निळा रंग मेलाय तुमच्या हातात," म्हणायचे.

मी मशीन तपासलं. रसायनं बदलली. पांढऱ्या कागदाशेजारी फोटो ठेवून बघितले. मला पिवळं दिसेना. पण गुळाच्या रंगावर ज्याचं सगळं आयुष्य गेलं त्याच्यापुढे आठवी शिकलेल्या माणसानं काय बोलावं?

मालकांनी हुकूम दिला, आजपासून सगळ्यांचा पिवळा चार बटणं कमी. तसं छापलं. आप्पा म्हणाले, आता जरा माणसात आलंय. पण त्याच आठवड्यात आजऱ्याचे एक गृहस्थ लग्नाचा अल्बम काउंटरवर आपटून विचारू लागले, "आमची सून काय फ्रिजमधनं काढलीया?" नवरीचे ओठ खरंच निळसर आले होते. अल्बम पुन्हा छापून द्यावा लागला आणि बटणं परत होती तिथं आली. मालक चांगले होते, पण आता त्यांचा संयम संपला. गिऱ्हाईक गेल्यावर ते मला म्हणाले, "क्लबातनं न्हायतर गिऱ्हाइकाकडनं, आणि एक तक्रार आली की मशीनवर भाच्याला बसवतो. तू तुझं बघ." मुलीचं नाव जूनमध्ये शाळेत घातलं होतं. गावाला परत जायचं तर तिकडे घराच्या चार भिंतींशिवाय काही नव्हतं. बायकोला मी काही सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात तिनं दोनदा विचारलं, जेवत का नाही म्हणून.

पुढच्या बैठकीत आप्पा माझ्यासमोर उभे राहून मला झाडत होते. मालक त्या दिवशी आले नव्हते, हे नशीब. मी नेहमीसारखी मान खाली घातली होती. म्हणूनच मला ते दिसलं. आप्पांचं धोतर निळं होतं. निळसर म्हणावं इतपत नव्हे, चांगलं निळं, नीळ जास्त झालेल्या कपड्यासारखं. मी वर बघितलं. वकील, प्राध्यापक, डॉक्टर, सगळ्यांच्या नजरा एकदा त्या धोतरावर जाऊन आल्या होत्या. त्यांच्या ओठांच्या कडा हलत होत्या. हे सगळ्यांना कधीपासूनच माहीत होतं.

तीन-चार दिवसांनी आप्पांचा मुलगा रवी पासपोर्टचे फोटो काढायला आला. मी घाबरत घाबरत धोतराचा विषय काढला. तो हसायला लागला. घरी आठवड्याला निळीची एक बाटली संपते म्हणाला. धोतरं पिवळी निघतात म्हणून आप्पा सुनेवर ओरडतात, ती बिचारी आणखी नीळ टाकते. सौद्यातही आप्पा पिवळ्या गुळाला लालसर म्हणतात, मग रवी मागून जाऊन शेतकऱ्याला खरा भाव सांगतो. मी विचारलं, मग त्यांना सांगत का नाही? रवीचं हसू गेलं. "तुमी सांगा की," म्हणाला.

एकाच निगेटिव्हचे दोन फोटो मी छापले. घाटावर वाळत घातलेली पांढरी धोतरं. एक माझ्या डोळ्यानं बरोबर, दुसरा आप्पांना आवडेल तसा, चार बटणं पिवळा कमी. दुपारच्या सुट्टीत मार्केट यार्डात गेलो. गुळाचे दिवस होते, गल्लीभर गोड वास आणि माश्या. आप्पा गादीवर बसले होते, शेजारी त्यांचा हमाल तुकाराम रवे मोजत होता.

मी दोन्ही फोटो त्यांच्या मांडीवर ठेवले. कुठला बरोबर म्हणून विचारलं. आप्पांनी नख मारलं आणि निळा उचलला. "ह्यो. जन्मात एकदा नीट छापलासा."

"आप्पा, तो तुमच्या धोतराशी जुळतो जी," मी म्हणालो. "धोतर निळं आहे."

तुकारामाचे हात थांबले. आप्पांनी मान न वळवता हाक मारली. "तुक्या, माझं धोतर कसलं हाय?"

तुकारामानं धोतराकडे बघितलं, मग आप्पांच्या तोंडाकडे. "पांढरंशुभ्र हाय की, आप्पा."

"ऐकलासा?"

तिथून निघालो असतो तर निदान त्या महिन्याचं काम राहिलं असतं. पण इतके महिने ज्या शब्दांनी मला सोललं गेलं तेच शब्द तोंडात आले. "कुठं? तुमच्या डोळ्यात. किती? माझ्या मशीनवर चार बटणं. काय करू? डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा."

आप्पांनी दोन्ही फोटो माझ्या अंगावर फेकले. "निघा पावणं. परत यार्डात दिसलासा तर रव्याखाली घालीन." फोटो गोळा करताना एकाला गूळ चिकटला.

मी लॅबमध्ये जाऊन मालकांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी कपाळाला हात लावला. पुढच्या महिन्याच्या बैठकीला आप्पा आलेच नाहीत, आणि वर्गात जी मंडळी त्यांच्या नावानं बोटं मोडायची तीच मला म्हणू लागली की वडीलधाऱ्या माणसाशी असं वागतात का. मालकांचा भाचा लॅबमध्ये येऊन मशीनशेजारी उभा राहायला लागला. मी त्याला बटणं दाखवत होतो. दुसरं काय करणार?

मग एके दिवशी सकाळी लॅबच्या दारात आप्पा उभे राहिले. डोळ्यावर काळा चष्मा, मागे रवी. ते थेट भिंतीवरच्या नमुन्याच्या फोटोंसमोर गेले. चष्मा काढला, तळहातानं एक डोळा झाकला, मग दुसरा. पुन्हा एक, पुन्हा दुसरा. मोतीबिंदू होता दोन्हीकडे. उजव्याचं ऑपरेशन झालं होतं, डावा तसाच होता.

"ह्या डोळ्यानं मी बरोबर," ते डाव्यानं बघत म्हणाले. मग हात बदलला. "ह्या डोळ्यानं तुमी."

मी धीर करून विचारलं, कळलं कसं? माझं तर ऐकलं नव्हतं त्यांनी.

"तुक्यामुळं कळलं. बत्तीस वर्सं हाय माझ्याकडं. 'शुभ्र' म्हणून शब्द त्याच्या तोंडात कधी आल्याला ऐकला न्हवता. खरं बोलताना माणूस एवढं गोड बोलत न्हाय."

पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःचे सात फोटो पट्टीवर मांडले, गेल्या वर्षभरातले, मालकांना मशीनवर बसवून स्वतःच्या डोळ्यानं रंग ठरवून छापून घेतलेले. क्लबानं बाहेरच्या प्रदर्शनांना पाठवलेले, हार घालून कौतुक केलेले. सगळे निळे. ते म्हणाले, आता बोला. कुठं, किती, काय करू. प्राध्यापक म्हणाले की त्या फोटोंत एक वेगळीच शीतलता आहे. आप्पांनी एकेका फोटोच्या कोपऱ्यावर नख ओढलं, सातही, शांतपणे, जसं दुसऱ्यांच्या फोटोंवर ओढायचे.

"वरीसभर माझ्या धोतराकडं बघून हसलासा," ते म्हणाले. "मी तुमच्या फोटूला शिव्या घातल्या, पर तुमच्या तोंडावर घातल्या. तुमी मला सांभाळून घेतलासा. सांभाळून घेऊन आंधळा केलासा." मग पोवार मालकांकडे बघून म्हणाले, "आणि ह्यो पावणा मशीनवरनं हलला, तर माझ्या घरातला एक रोल तुमच्याकडं येणार न्हाय." बस्स. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. भाचा सोमवारी आला नाही.

आप्पा सुधारले असतील असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. उलट आता त्यांना बारीकही दिसायला लागलं. माझ्या छपाईतला धुळीचा ठिपका, कडेचा ओरखडा, काही सुटेना. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी वर्षभर करून घेतलं नाही. बैठकीत फोटो आधी डाव्यानं बघायचे, मग उजव्यानं. म्हणायचे, पहिल्यांदा माझं मत, मग खरं काय ते. माझी माफी त्यांनी कधी मागितली नाही, आणि मीही आभार मानायचं धाडस केलं नाही. शेवटपर्यंत त्यांना माझं नाव माहीत होतं की नाही, कोण जाणे.

आप्पा गेले तेव्हा रोल संपत आले होते. रवी पेनड्राइव्ह घेऊन आला. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. आप्पांचा तो गुळाच्या तापलेल्या काहिलीसारखा चेहरा, कपाळावर आठी. संगणकाच्या पडद्याकडे बघत रवी म्हणाला, पाव्हणेरावळे येणार, जरा गोरं करा, आणि ती आठी तेवढी घालवा.

इतक्या वर्षांत मी कुठल्याही गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशी म्हणालो. जसे होते तसा छापला. रवी नाराज होऊन मोबाईलमध्ये बघत बसला. फोटो मशीनमधून बाहेर आला, मी तो खिडकीशी नेला. एक डोळा झाकला, मग दुसरा. धोतर पांढरं होतं. मग खालच्या कोपऱ्यावर नख ओढलं. चर्र आवाज झाला आणि रवीनं दचकून वर बघितलं.

"दुसरा काढून देऊ का जी?" मी विचारलं.

त्यानं त्या खुणेवर अंगठा फिरवला.

"नको," म्हणाला. "ह्योच द्या."