इनासचं नाक

इनास आल्मेडा आणि मी एकाच वर्षी शाळेत गेलो आणि एकाच वर्षी शाळा सोडली. मी गाडी चालवायला शिकलो, तो पणजीला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागला. वीस-बावीस वर्षांनी गावी परत आला तो पक्का आचारी होऊन. मालवणपासून कुडाळपर्यंत कुठल्याही ख्रिस्ती घरात लग्न ठरलं की हॉलच्या आधी इनासची तारीख घेत. भांडी, माणसं आणि इनास अशा कित्येक खेपा मी माझ्या व्हॅनमधून केल्या आहेत.

त्याच्या हाताला चव होती, पण नाव होतं ते त्याच्या नाकाचं. लग्नघरी शंभर नारळ फोडले जात असताना हा दहा हातांवरून म्हणायचा, "तो बाजूक काढ, खवट आसा." तो बाजारात आला की मासळीवाल्या बायका कालची टोपली पायामागे सरकवायच्या. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

कोरोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी त्याला ताप आला. आठ-दहा दिवसांत उतरला. सगळ्यांना वाटलं, सुटला. पण त्या तापाबरोबर त्याची वास घेण्याची शक्ती गेली ती परत आलीच नाही. कांदा नाही, कॉफी नाही, चर्चमधला धूप नाही, काही नाही. चार वर्षं त्याने हे कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, मलाही नाही. गुडघे दुखतात म्हणून लग्नं कमी केली. जी घेतली ती तेलाच्या आवाजावर, मसाल्याच्या रंगावर आणि घड्याळावर निभावली. अंगात मुरलेली विद्या होती, ती चालून गेली. रोझाला, म्हणजे त्याच्या बायकोला, तो मधूनच म्हणायचा, "चाखून बघ गो." तिला वाटायचं, म्हातारपणी नवऱ्याला आपली किंमत कळली.

गेल्या वर्षी ईस्टरला त्याचा मुलगा ॲल्स्टन पुण्याहून येणार होता. बरोबर सून विनीता आणि सात वर्षांची नात फेबी. गुड फ्रायडे ते सोमवार अशी चार दिवसांची सुट्टी जमून आली होती. दोन वर्षांनी ईस्टरला सगळे एकत्र येणार म्हणून इनास महिनाभर आधीपासून याद्या करत होता. चाळीस दिवसांचा उपास संपल्यावर रविवारी दुपारचं जेवण म्हणजे त्या घरातला वर्षाचा सर्वांत मोठा बेत. माडीने फुगवलेल्या तांदळाच्या सान्ना, खोबऱ्याच्या मसाल्यातली कोंबडीची शागुती, गूळ-नारळाचा दोदोल आणि सगळ्यांत वर सोरपोतेल. डुकराचं मांस आणि काळीज बारीक चिरून, परतून, मसाल्यात आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये शिजवलेलं. ॲल्स्टन त्यासाठीच येतो असं रोझा म्हणायची.

शुक्रवारी मांसाला हात लावायचा नाही, म्हणून मांस गुरुवारीच आणून फ्रिजमध्ये ठेवलं. शुक्रवारी दुपारी वारा सुटला, वाडीतल्या तारेवर फांदी पडली आणि वीज गेली ती शनिवारी सकाळी आली. एप्रिलचा उकाडा कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको.

शनिवारी सकाळी मी सान्नांसाठी माडी पोचवायला गेलो होतो. पोरं किनाऱ्यावर गेली होती, रोझा चर्चच्या साफसफाईला निघाली होती. दारातूनच तिने विचारलं, "इनास, डुकराचां मटण बरां आसा मां रे? नायतर टाकून दी. कोंबडी आसा, ती पुरे."

इनासने डब्याचं झाकण काढलं, डबा नाकाजवळ नेला आणि श्वास आत ओढला. नेहमीसारखाच.

"बरां आसा," तो म्हणाला.

रोझा निर्धास्त गेली. मी अंगणात होतो, माझ्यापर्यंत वास येण्याचं कारण नव्हतं. नंतर तो मला म्हणाला, "शिवा, त्या वेळी नुसतां तुका हाक मारूक होई होती. 'जरा वास घे' म्हणाक होयां होतां. तोंडातून येऊकच नाय."

रविवारी त्यांच्याकडे मलाही बोलावणं होतं. मी डुक्कर खात नाही, म्हणून माझ्या ताटात शागुती आणि सान्ना. रोझाने ठेवणीतली काचेची भांडी काढली होती. प्रार्थना झाली, वाढणं झालं, ॲल्स्टनने पहिल्या घासाला मान डोलावली. व्हिनेगर थोडं जास्त वाटतंय असं तो म्हणाला, पण ताट पुसून खाल्लं. विनीताला काळीज आवडत नाही, तिने दोन तुकडे घेतले.

फेबीने मात्र घास तोंडाजवळ नेला आणि परत ताटात ठेवला.

"आजो, याला घाण वास येतोय."

टेबलावर सगळे हसले. इनास हसला नाही. त्याचा चेहरा असा झाला की मी हातातला घास तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिलो. मला वाटलं, त्याला राग आला. राग नव्हता तो, भीती होती, पण हे मला तेव्हा कसं कळणार?

"आजोच्या जेवणाक घाण म्हणूचां नाय," तो म्हणाला. उठला, तिच्या खुर्चीशी गेला आणि सान्नाचा तुकडा सोरपोतेलमध्ये बुडवून स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घातला. "खा. असां पुण्यात गावूचां नाय."

फेबीने आईकडे पाहिलं. विनीता म्हणाली, "खा बेटा, आजोंनी तुझ्यासाठी केलंय." पोरीने डोळे मिटून गिळलं. मग आजोला बरं वाटावं म्हणून आणखी चार घास खाल्ले.

पाच वाजता ॲल्स्टनचा फोन आला. "शिवाकाका, गाडी काढा."

मी पोचलो तोवर फेबीला सात-आठ उलट्या झाल्या होत्या आणि अंग तापलं होतं. रोझा आणि ॲल्स्टन दोघांच्याही पोटात मुरडा होता. मालवणच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, अंगातलं पाणी कमी झालंय, वेळ घालवू नका, कुडाळला न्या. कट्टा गाव मागे पडल्यावर फेबी हाकेला ओ देईनाशी झाली. मागच्या सीटवर विनीता तिच्या गालांवर थापट्या मारत नाव घेत होती. इनास माझ्या शेजारी बसला होता. त्याने वाटभर एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

कुडाळच्या दवाखान्यात सलाईन लागलं. फेबीने डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा ॲल्स्टन भिंतीला टेकून खालीच बसला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कागद घेऊन त्यांनी विचारलं, "दुपारी काय खाल्लं होतं मुलीने? शिळं काही?"

विनीता सांगू लागली तेवढ्यात रोझा मधे बोलली, "शिळां काय एक नाय, डॉक्टर. ह्येंच्या नाकातसून काय सुटणा नाय. सगळ्या तालुक्याक म्हायती आसा."

इनास उभा राहिला. आम्ही सरकारी कचेरीत बोलतो तशा मराठीत, एकेक शब्द ठेवत बोलला.

"डॉक्टर, मला वास येत नाही. चार वर्षं झाली. शुक्रवारी रात्रभर वीज नव्हती. मांस खराब झालं असणार. मला कळलं नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. रोझा त्याच्याकडे अशी बघत होती, जणू हा कोणी परका माणूस तिच्या नवऱ्याचा शर्ट घालून आलाय.

"पप्पा," विनीता हळू आवाजात म्हणाली, "तिने सांगितलं होतं ना तुम्हाला?"

एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं इनास पुढे कितीदा तरी मला म्हणाला.

सोमवारी फेबी उठून बसली, पेज प्यायली. मंगळवारी तिला सोडलं. पुण्याची गाडी कुडाळहूनच होती, तेव्हा ते परत घरी आलेच नाहीत. सामान मी स्टेशनवर नेऊन दिलं. रोझाने डब्यात दोदोल भरून दिला होता. विनीताने डबा घेतला, "थँक्यू काका" म्हणाली आणि बाकावर ठेवला. गाडी सुटल्यावर पाहिलं तर डबा बाकावरच होता. विसरली की ठेवला, मला माहीत नाही. मी तो रोझाला दिला नाही, वाटेत कोणाला तरी देऊन टाकला.

घरात रोझा आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नाही. एक दिवस मी ओट्यावर असतानाच तिचा बांध फुटला. "चार वर्सां एका घरात रव्हलंव. माका सांगूक काय झालां होतां? मी काय हसणार होतंय तुका?"

"नाक गेल्यार माझ्याकडे रव्हलां काय, गो?" तो म्हणाला.

"मी होतंय मां!"

ती आत गेली आणि भांडी घासत राहिली, घासलेलीच परत.

मे महिन्यात त्याच्याकडे एक लग्न होतं, अडीचशे पानांचं. मुलीच्या बापाकडे मीच त्याला घेऊन गेलो. इनासने खुर्चीवर बसायच्या आधीच सगळं सांगितलं. ते बापडे गडबडले. म्हणाले, "अरे, मग माणूस ठेव सोबत, वास घेऊक." इनास म्हणाला, "तुमी दुसरो माणूस बघा. अजून दिवस आसत." दोन आचाऱ्यांची नावंही त्यानेच दिली. चार दिवसांत गोष्ट सगळीकडे झाली. काही जण भेटायला आले, काही जणांनी मागची लग्नं आठवून आठवून पोटदुखीचा हिशेब लावला. ज्या घरात त्याने तिन्ही मुलांची लग्नं केली, त्या घरातलाही एक जण त्यात होता. इनासला ते कळलं.

रोझा त्याला कानानाकाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी बाटल्या हुंगायला दिल्या, गोळ्या दिल्या आणि आशा फार ठेवू नका म्हणाले.

मेच्या सुट्टीत पोरं दरवर्षी यायची. या खेपेला ॲल्स्टनचा फोन आला की फेबीला पोहण्याचा क्लास लावलाय. रोझा बरं म्हणाली आणि फोन ठेवून आत निघून गेली. इनास ओट्यावर बसला होता. मग त्याने फोन उचलला आणि विनीताला लावला. मी शेजारीच होतो. उठू लागलो तर त्याने हाताने बसवलं.

"विनीता, मी बोलतंय. ॲल्स्टनाक फोन देऊ नको, तुझ्याकडेच बोलूचां आसा," तो म्हणाला. "वास येणा नाय ही माझी चूक नाय. पण ती पोर माका सांगी होती आणि मी तिच्या तोंडात भरवलंय. तां मी केलंय. माझी लाज वाचवूक केलंय. तिका एवढां सांग, आजोन सांगल्यान, तुझांच बरोबर होतां."

पलीकडून विनीता काहीतरी बोलली, थोडकंच. तो "होय, होय" करत राहिला आणि फोन ठेवला.

रोझा दारात येऊन उभी होती. पदराला हात पुसत तिने विचारलं, "काय म्हणता ती?"

"नाताळाक बघूया म्हणता."

"येतीत?"

"बघूया म्हणाली, गो. येतंव म्हणाक नाय."

रोझा त्याच्या शेजारी ओट्यावर बसली. मी चप्पल घातली आणि निघालो.