आधी कोणता?

कनेरगाव नाक्यावरचे मिस्त्री चाचा जाम झालेल्या बोल्टवर कधी जोर करत नाहीत. भोवतीनं हातोडीने हळूहळू ठोकतात आणि म्हणतात, "ऊठ रे बाबा, लई झोपलास."

इंजिनिअरिंगला गेल्यावर मला जरा हुशारी आली होती. आमच्या जुन्या पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याचं, तेल मीच बदलायला घेतलं. खालचा बोल्ट काढून सगळं तेल सोडून दिलं. नवं तेल भरायचा वरचा बोल्ट मात्र निघेना. तो निघतो का, हे आधी बघायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना त्याच गाडीतून हळद घेऊन हिंगोलीला जायचं होतं. मी रडवेली होऊन चाचांना बोलावलं.

तासभर ठोकून त्यांनी बोल्ट उठवला. तेवढ्यात बाबा आले. "काय हो मिस्त्री, पोरीनं काही बिघडवून ठेवलं का?"

"न्हाई हो. जुनी गाडी हाय, बोल्ट जाम झालता. पोरीनं बराबर टायमाला बोलावलं."

तेल भरल्यावर बोल्ट त्यांनी माझ्याच हाती दिला. "लाव, बेटा."

अजूनही नाक्यावर दिसले की ते लांबूनच विचारतात, "आधी कोणता?"

"वरचा, चाचा!"

शेजारी उभ्या बाबांना वाटतं, अभ्यासाचं काहीतरी असेल.